दसऱ्याला येत नाही

उद्यमबाग, बेळगाव

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू नुसतं "बरं" म्हणाली असतीस आणि ते "बरं" मला दिवसभर ऐकू आलं असतं. म्हणून लिहितेय. दसऱ्याला येत नाही. साहेबांना तसं सांगूनही टाकलंय. खानापूर काय लांब आहे, तासाभराचा रस्ता. पण इथला एक दिवस गेला की पुढचं सगळंच लांबतं.

चिकोडीकडच्या एका साखर कारखान्याचं काम आहे. दिवाळीनंतर गळीत सुरू होणार, तोडलेला ऊस कुणासाठी थांबत नाही. रस आटवायचं नवीन भांडं बसवायचंय, त्याच्याखालचा लोखंडी सांगाडा माझ्याकडे. आलेल्या ड्रॉइंगवर वजन १८ टन होतं, मी तेवढंच धरलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात आलं, अगं हे तर रिकाम्या भांड्याचं! चाचणीला ते पाण्यानं काठोकाठ भरतात. आत २२ हजार लिटर मावतं, म्हणजे सगळं मिळून ४० टन. मीच विचारायला हवं होतं. आता खांब, बेस प्लेटा, फाउंडेशन बोल्ट, सगळं नव्यानं. बोल्ट एकदा काँक्रीटमध्ये गेले की बोटभरही सरकत नाहीत, म्हणून पाया भरताना मी तिथं उभी हवी.

बाबा, तुमच्या हातून हे झालं नसतं. माळ्यावर भाताची पोती चढवायच्या आधी तुळईखाली टेकू, टेकूखाली पाचर. कंदील आईकडे, आणि शेवटचा घाव माझा. घाव चुकून तुमच्या बोटावर बसला तरी "बसली बघ पाचर" म्हणालात.

माझ्या जेवणाची काळजी करू नका. डबा येतो, भाकरी मऊ असते. तुझ्यासारखी नाही, पण असते. रात्री उशीर झाला तर ऑफिसची गाडी दारात सोडते.

बाबा, यंदा माळ्यावर चढायचं नाही. मागच्या वर्षीचं मी काढत नाही, तुम्हीही हसून टाळू नका. पोती सोप्यातच फळ्यांवर रचा, उचलायला पोरं बोलवा. गोळी वेळेवर. आई, गुडघा दुखत असताना विहिरीवर जाऊ नकोस. रागावून नाही गं सांगत.

माझ्या वाटणीचं सोनं देवाजवळ ठेवा. पाया भरला की पुढच्याच रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं येते, कुंदा घेऊन. बाबांना एकच चमचा. लेक साखर कारखान्याचं काम करते म्हणून सूट नाही.

तुमची,
बाळी