हुशार आहे म्हणून तिला नुसतं बसवून ठेवायचं का?

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

आमच्या नाशिकच्या सातपूर भागात सध्या जिकडे बघावं तिकडे स्कॉलरशिप आणि नवोदय (केंद्र सरकारची निवासी शाळा) प्रवेशाच्या क्लासचे बोर्ड लागलेत, ते बघून लिहायला बसले. माझी मुलगी तिसरीत आहे. गणित तिच्या डोक्यात सतत चालू असतं, भाजी घ्यायला गेलो तरी भाजीवाल्याच्या आधी ही एकूण पैसे सांगून मोकळी. वर्गात बाई फळ्यावर पाच वजाबाक्या देतात, हिच्या दहा मिनिटांत होतात आणि मग उरलेला तास हाताची घडी तोंडावर बोट. कधी दुसऱ्यांच्या वह्या तपासायला देतात, कधी तीच गणितं परत लिहून काढ म्हणतात. दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की घरी दोन मिनिटात होणारं गणित ही शाळेत मुद्दाम रेंगाळत सोडवते. विचारलं तर म्हणाली, आई लवकर झालं की परत तेच लिहावं लागतं ना. आठ वर्षांची पोर स्वतःहून मागे राहायला शिकली, आणि तेही शाळेत, मला काय बोलावं तेच सुचेना.

बाईंना भेटले. त्या चांगल्या आहेत, जीव लावून शिकवतात. वर्गात ४८ मुलं, त्यातल्या दहा-बारा जणांना अजून हातचा घेता येत नाही, वरून ऑनलाइन माहिती भरायची, मतदार यादीचं काम आलं तर तेही यांनीच करायचं. त्या म्हणाल्या, अहो ताई तुमची हुशार आहे, तिचं कशाला टेन्शन घेता, मला तर मागच्या बाकांची काळजी आहे. मागच्या बाकांची काळजी मलाही आहे, पण पुढच्या पोरीचं आपोआप होतं असं जे सगळे धरून चालतात ना, ते मला आता पटत नाही.

शेजारपाजारचे सगळे एकच सांगतात, क्लास लाव. पण जरा बघा आपल्याकडे हुशार मुलांसाठी जे काही आहे ते सुरू कधी होतं. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-पाचवीला. नवोदयची परीक्षा पाचवीत आणि प्रवेश सहावीला. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावीला. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून या विषयात मोठं काम केलंय, त्याबद्दल मनापासून आदर आहे, पण त्यांची प्रशालासुद्धा पाचवीपासून. मग पहिली ते चौथी या मुलांनी करायचं काय? कंटाळा करायची सवय तर त्याच चार वर्षांत लागते.

आणि परीक्षा मूल निवडते, शिकवत नाही. नवोदयचा पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, त्यातले ४० बुद्धिमत्तेचे. आपल्या जिल्ह्याचं नवोदय दिंडोरी तालुक्यात खेडगावला, पंधरा तालुक्यांतून वर्षाला ८० मुलं घेतात आणि निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, ते अगदी योग्यच आहे. ज्यांना मिळतं त्यांचं सोनं होतं. पण जी हजारो मुलं परीक्षा देऊन परत आपल्याच वर्गात बसतात त्यांच्या हातात काय पडतं, तर पर्यायाचा गोल काळा करायची प्रॅक्टिस. क्लासमध्ये हेच घोटून घेतात. एका प्रश्नावर आठवडाभर डोकं खाजवत बसायचं, हे कुठेच नाही.

खरं म्हणजे नाशिककरांनी याचं उत्तर बाहेर शोधायची गरजच नाही. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, १९३० पासून १९६२ ला रिटायर होईपर्यंत. पीएचडी नाही, मोठी संस्था नाही, साधे शाळामास्तर, आणि त्यांनी १९४९ मध्ये शोधलेला ६१७४ हा आकडा आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखतात. एका प्रकारच्या संख्यांना तर त्यांनी देवळाली संख्या असं आपल्या गावाचंच नाव दिलं. मी हे मुलीला करून दाखवलं. कुठलाही चार आकडी नंबर घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठ्यातून छोटा वजा करा, आलेल्या उत्तराचं परत तेच. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढे कितीही वेळा करा ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक नंबर तिथेच येतो.

लागते काय तर वजाबाकी! तीच, जी वर्गात परत परत लिहायचा तिला कंटाळा आला होता. चार दिवसांत अर्धी वही भरली. मग स्वतःच तीन आकडी करून बघितलं आणि ४९५ वर थांबतं म्हणून ओरडत स्वयंपाकघरात आली. मग दोन आकडी केलं तर ते थांबेचना, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९, गोल गोल. आई हे का थांबत नाही, हा प्रश्न ती तीन आठवडे विचारतेय आणि मला उत्तर येत नाही. पण वर्गात हळू सोडवणारी पोर ती हीच.

आता माझी शिकलेल्या आईची मुलगी आहे, तिला घरी कोणीतरी आहे. मागच्या सीझनला दिंडोरीला मामांच्या द्राक्षबागेत गेले होते, तिथे सुरगाण्याहून आलेल्या मजुरांबरोबर एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता, मुकादम मोबाईलवर क्रेटच्या वजनांची बेरीज करत होता आणि हा नुसतं ऐकून आधीच आकडा सांगत होता, चार वेळा बरोबर. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारा, शाळा वर्षातून दोनदा बदलणारा हा पोरगा पुस्तकी मराठीतल्या चाचणीत कुठे सापडणार? चाचणीवर फार विसंबू नये हे जगाने बघितलंय. अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून बुद्ध्यांक मोजून हजारावर मुलं निवडली, आणि त्या चाळणीतून जी गळली त्यात शॉकली आणि अल्वारेझ होते, दोघांनाही पुढे फिजिक्सचं नोबेल मिळालं.

म्हणून माझं म्हणणं, वेगळी शाळा नको, वेगळी तुकडी नको, पाटी लावायला तर अजिबात नको. आहे त्याच शाळेत दोन गोष्टी करा. एक, गणिताचा तास सगळ्या वर्गांना एकाच वेळी ठेवा आणि तिसरीतलं जे मूल पुढे गेलंय त्याला तेवढ्या तासापुरतं चौथी-पाचवीच्या वर्गात बसू द्या, बाकी ते आपल्या मित्रांबरोबरच राहू दे. याला एक रुपया खर्च नाही. दुसरं, प्रत्येक केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांची मुख्य शाळा) शनिवारी दीड-दोन तास गणिताचा कट्टा, कुठल्याही मुलाने यावं, परीक्षा नाही मार्क नाहीत, ज्याला प्रश्न अर्धवट टाकून उठवत नाही तो टिकेल, मूल ओळखायची हीच चांगली चाचणी आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात असे विषयांचे क्लब शाळा आणि जिल्हा पातळीवर काढा असं स्पष्ट लिहिलंय. त्यात प्रज्ञावंत मुलांना शिकवायचं खास शिक्षण बी.एड.मध्ये देता येईल असंही आहे, पण आपल्या प्राथमिकच्या बहुतेक बाई आणि सर डी.एड. झालेले, त्यांच्यापर्यंत हे पोचवणार कोण, महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने याकडे बघावं ही कळकळीची विनंती.

मी पतसंस्थेत कॅशियर आहे, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. आमच्या केंद्रात कट्टा सुरू झाला तर त्या दोन्ही शनिवारी मी येऊन बसेन, वह्या पेन्सिली माझ्या. मुख्याध्यापकांना तसं लेखी दिलंय.

– एक पालक, सातपूर, नाशिक