देवदूतांचे पुस्तक घेण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रे रंगवत खेळायचा कथाखेळ) खेळणाऱ्या तरुणांचे गट आता मराठवाड्यातही आहेत. मूळ नियमपुस्तक पाठ झाले की हौस जोडपुस्तकांकडे वळते, आणि त्यात देवदूतांवरची पुस्तके लगेच डोळ्यांत भरतात. मुखपृष्ठावर पंख, पेटती तलवार, सोनेरी झळाळी. आपल्याकडे ती दुकानात उभ्याने चाळून बघायची सोय फारशी नाही, त्यामुळे आत काय आहे ते पैसे भरल्यावरच कळते. म्हणून हे चार शब्द.

पहिले म्हणजे, बरेचसे फुकट मिळते. पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. त्यात देवा, प्लॅनेटार आणि सोलार हे तिन्ही देवदूत पूर्ण आकड्यांसह आहेत. त्यांचे चॅलेंज रेटिंग (शत्रू किती कठीण त्याचा आकडा) अनुक्रमे 10, 16 आणि 21, तर हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) 136, 200 आणि 243. (यातला 'देवा' म्हणजे आपला देव नव्हे, या तीन देवदूतांतली सर्वांत खालची पायरी.) त्याखाली येतात ते इतर दिव्य प्राणी: पंखांचा घोडा पेगासस 2, पंखांचा साप कुआटल 4 आणि एकशिंगी युनिकॉर्न 5. म्हणजे 6 ते 9 ही जागा मोकळी. पुष्कळ मोहिमा तर पाचव्या ते आठव्या लेव्हलच्या (पात्राच्या वाढीच्या पायरीच्या) आसपासच रेंगाळतात, आणि नेमकी तिथेच ही पोकळी.

ती डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, चांगलीच नडते. देवा एका वेळी गदेचे दोन घाव घालतो. प्रत्येक घावाला गदेचे सरासरी 7 आणि वर आठ बाजूंच्या चार फाशांचे दिव्य नुकसान, सरासरी 18. दोन्ही बसले की 50. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे (मांत्रिकाकडे) हिट पॉइंट असतात साधारण तिशीत. एका पाळीत माणूस आडवा. तेव्हा विक्रीच्या पानावर नमुना पाने असतील तर सर्वांत आधी आकडेतक्ते उघडा आणि चॅलेंज रेटिंग 1 ते 9 मधले किती आहेत ते मोजा. दहा-बारा निघाले तर पुस्तक विचार करण्याजोगे. सगळेच 15 च्या वर असतील तर ती चित्रे बघण्याची वही समजा.

मोठी फसगत आवृत्तीत होते. 2000 साली आलेल्या खुल्या परवान्यामुळे त्या दशकात शेकड्यांनी जोडपुस्तके निघाली. त्यातली कितीतरी आज पीडीएफ स्वरूपात स्वस्तात मिळतात आणि वर्णनात आवृत्ती ठळक लिहिलेली असतेच असे नाही. तक्त्यात फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स, विल अशा तीन बचावांच्या ओळी किंवा 'टच' आर्मर क्लास (घाव बसायला हल्ल्याची बेरीज जितकी लागते तो आकडा) दिसला तर पुस्तक जुने. हे आकडे नव्या खेळात तसेच घालू नका. साडेतीन आवृत्तीतल्या सोलारचा आर्मर क्लास 35, पाचवीत तो 21. पाचवीत विसाव्या लेव्हलच्या योद्ध्याला सहसा हल्ल्याच्या फाशात 11 मिळवता येतात, अधिक तीनचे जादुई शस्त्र धरले तरी 14. वीस बाजूंच्या फाशावर 19 पडले तरी बेरीज 33. म्हणजे फाशावर थेट 20 पडल्याशिवाय अशा योद्ध्यालाही घाव घालता येणार नाही, आणि टेबलावरची मंडळी तासाभरात मोबाइल काढतील. उलट पाचवीच्याच 2014 च्या नियमांसाठी लिहिलेले पुस्तक तिच्या 2024 च्या सुधारित नियमांवर थोड्या डागडुजीने चालते.

खेळाडूंसाठी पंख असलेली जमात दिली असेल तर उड्डाण कोणत्या लेव्हलला मिळते ते बघा. 2024 च्या मूळ नियमांत आसिमारला (दिव्य अंश असलेल्या जमातीला) पंख तिसऱ्या लेव्हलला फुटतात, तेही एका मिनिटासाठी आणि दीर्घ विश्रांतीनंतर एकदाच. ही मर्यादा उगाच नाही. पहिल्याच लेव्हलला कायमचे उडता आले तर खंदक, तटबंदी, पुराची नदी, सापळ्याचा खड्डा हे सगळे निकामी होते. मग देवगिरीसारखा किल्ला नकाशावर काढून उपयोग काय?

वर्णनांच्या पानांबद्दल आमचे मत थोडे कडक आहे. सेराफिम, चेरुबिम, थ्रोन्स ही नऊ श्रेणींची उतरंड शतकानुशतके ख्रिस्ती परंपरेत आहे आणि कोणत्याही विश्वकोशात सापडते. त्यासाठी पैसे मोजू नयेत. लेखकाने देवदूत आपसांत का भांडतात, सज्जन खेळाडूंच्या आड का येतात, हे लिहिले असेल तर ती पाने मोलाची, कारण सगळेच साधुवृत्तीचे असले तर त्यांच्याशी लढायचे कुणी? वेष पालटलेल्या दिव्य पुरुषासाठी मात्र वेगळे पुस्तक नकोच. देवाकडे रूप बदलण्याची शक्ती आहेच, आणि पैठणला नाथांच्या घरी कावडीने पाणी भरणारा श्रीखंड्या आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? पंखांचेही तसेच. अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यातल्या अप्सरा आणि वेरूळचे विद्याधर पंखांवाचून उडतात.

एक पथ्य. काही पुस्तकांत जिब्राईल, मिकाईल ही खरीखुरी नावे हिट पॉइंटसह छापलेली असतात. टेबलावर मुस्लिम किंवा ख्रिस्ती मित्र असतील तर आधी विचारा, नाहीतर नावे बदला.

पैशाचे म्हणाल तर छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण परदेशातून मागवले तर टपालखर्च कधी कधी किमतीइतका होतो, शिवाय 2019 च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर 5 टक्के सीमाशुल्क लागले. पीडीएफ घ्यायची तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. चलनबदलाचा आकार वेगळा पडतो, तोही धरा. पुष्कळदा पानाच्या तळाशी खरेदीदाराचे नाव छापून येते, तेव्हा फाइल गटभर फिरवू नका. वर्गणी काढून घेण्यातही गोम आहे. आकडेतक्त्यांचे पुस्तक खेळाडूंनी वाचले की डीएमची मजा गेली. वर्गणी काढायचीच तर खेळाडूंच्या जमाती आणि मंत्र यांच्या पुस्तकासाठी काढा. छापताना रंगीत पार्श्वभूमीचा थर बंद करता येतो का ते तपासा. नाहीतर झेरॉक्सवाल्याकडून अक्षरे न दिसणारी काळी पाने येतात. सगळे पुस्तक छापण्यापेक्षा लागतील तेवढे आठ-दहा तक्ते पाठपोट काढले तरी पुरते.

आपले,
खेळ चालवणारे काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर व नांदेड