उसाच्या फडात विमान उतरलं तर? कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

३० मे २०२३ रोजी बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडालेलं दोन आसनी प्रशिक्षण विमान इंजिनात बिघाड झाल्यामुळे होन्निहाळजवळ शेतात उतरवावं लागलं. आतले दोघेही किरकोळ जखमांवर निभावले. त्याआधी जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला सेसना १५२ जातीचं एक छोटं विमान शेतात आदळलं. ते एकटीनं उडवणारी प्रशिक्षणार्थी तरुणीही वाचली. या दोन गावांच्या मधे आपला जिल्हा येतो. आपल्याकडे १९३९ पासून विमानतळ आहे, नवी टर्मिनल इमारत झाली आहे, धावपट्टी वाढली आहे. पण एखादं छोटं विमान आमच्या उसात उतरलं, तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं हे धावपट्टीभोवतीच्या गावांत मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही. हे पत्र त्या दहा मिनिटांसाठी आहे.

मी हवाई दलात पिस्टन इंजिनांवर फिटर होतो. आता विमानतळाजवळच्या उजळाईवाडीच्या शेजारी ऊस लावतो. इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, असा लोकांचा समज असतो. तसं नाही. सेसनासारखं विमान एक मीटर उंची सोडताना साधारण नऊ मीटर पुढं तरंगत जातं. विमानतळाभोवती घिरट्या घालताना ते जमिनीपासून हजारेक फुटांवर असतं. म्हणजे इंजिन गेल्यावर वैमानिकाच्या हातात वारं नसताना पावणेतीन किलोमीटरचा पल्ला आणि दीडेक मिनिट राहतं. वळावं लागलं तर त्याहूनही कमी. तेवढ्यात त्याला शेत निवडायचं असतं, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा असतो, इंधन आणि वीज बंद करायची असते, आणि आदळल्यावर दार अडकू नये म्हणून ते आधीच उघडून ठेवायचं असतं. (पाचट जाळू नका असं शासन सांगतं ते योग्यच आहे, पण त्या धुरावरून वैमानिकाला वारा कळतो हेही खरं.)

आता ही निवड आमच्या शिवारात करून बघा. वरून हिरवंगार, सपाट दिसणारं रान म्हणजे दहा-बारा फूट उंचीचा आडसाली ऊस. त्याखालचे बांध, पाट, विहिरी काही दिसत नाहीत. पावसाळ्यात काळ्या रानात पुढचं चाक रुतलं की विमान उलटंच होतं. तोडणी झालेलं खोडव्याचं रान त्यातल्या त्यात बरं, तेही सरीच्या दिशेनं उतरलं तरच. हायवे मोकळा वाटतो, पण दुभाजक, कमानी आणि उसाच्या ट्रॉल्या असलेला रस्ता मोकळा कसला? आणि तारा. तार वरून दिसतच नाही, खांब दिसतात. म्हणून वैमानिकाला खांब शोधायला शिकवतात. उभ्या उसात खांबही अर्धे बुडालेले असतात.

तेव्हा पहिली विनंती अशी: धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडच्या शिवारातून जाणाऱ्या वीजवाहिन्यांची पाहणी महावितरण आणि विमानतळ प्राधिकरण यांच्याकडून एकत्र करून घ्या, आणि जिथं गरज असेल तिथं तारांवर नारंगी गोळे बसवायला सांगा. खर्च फार नाही.

दुसरी विनंती माणसांची. विमान उतरलं की गाव धावणार. पुरात आपण बघितलंय, २००५ असो की २०१९, आमची माणसं मागं राहत नाहीत. पण इथं धावण्यात धोका आहे. या विमानांचं पेट्रोल पंखांत असतं, ते निळसर दिसतं आणि जवळ विडी पेटवायचा अवकाश, भडका उडतो. नाकावरचा फिरता पंखा (प्रोपेलर) थांबलेला दिसला तरी त्याला हात लावायचा नाही. मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र, चालू राहिला असेल तर तो पंखा नुसता ढकलल्यानं इंजिन एक झटका घेऊ शकतं, आणि तेवढा झटका हात तोडायला पुरे. जायचं ते शेपटीच्या बाजूनं. आतल्याला बाहेर काढल्यावर विमानाचा एक तुकडाही हलवायचा नाही, कारण पुढचा सगळा तपास त्यावर असतो. सेल्फी काढणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, त्यांचा बंदोबस्त पोलीस पाटलांनी करावा.

हे सगळं एका पानावर मावतं. मराठीत छापून मुडशिंगी, तामगाव, नेर्ली, गोकुळ शिरगाव, सरनोबतवाडी इथल्या ग्रामपंचायतींत, सोसायट्यांत आणि दूध डेअऱ्यांत लावा. डेअरीवर रोज दोनदा गाव जमतं. ११२ वर फोन करताना गट नंबर आणि जवळचा पाणंद रस्ता सांगायला शिकवा. ‘आमच्या उसात’ एवढ्यावर अग्निशमनची गाडी पोचत नाही. कुठल्या पाणंदीतून मोठी गाडी जाते, कुठल्या जात नाही, याची यादी तलाठी कार्यालयानं एकदाच करून ठेवावी.

तिसरी गोष्ट शेतकरी म्हणून. विमान फार तर चार-पाच गुंठे ऊस मोडेल. बघायला आलेली गर्दी दोन एकर तुडवेल. पंचनामा कुणी करायचा आणि भरपाई कुणी द्यायची, हे आधीच ठरलेलं असावं. नाहीतर एखादा शेतकरी बांधावर आडवा उभा राहील आणि अँब्युलन्स अडकेल. मी त्याला दोष देणार नाही. वर्ष-दीड वर्ष पोसलेलं पीक असतं ते.

रंगीत तालीम दसऱ्याच्या आधी घ्या. तेव्हा ऊस पुरा उभा असतो, म्हणजे परीक्षा अवघड होईल. शिवाय गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरही मिळायचे नाहीत आणि माणसंही. तालमीसाठी माझ्या रानातल्या बांधाकडच्या सऱ्या वापरा. त्याची भरपाई मागणार नाही.

आपला,
उजळाईवाडी परिसरातील एक ऊस उत्पादक