फॉर्म १-अ मध्ये हृदयाचा रकाना नाही

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

चालत्या बसमध्ये चालकाला हृदयविकाराचा झटका आला, तशातही त्याने बस कडेला घेतली आणि प्रवासी बचावले, अशी बातमी वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. चालकाच्या प्रसंगावधानाचे कौतुक होते, ते रास्तच आहे. पण परवान्याचे शेवटचे नूतनीकरण झाले तेव्हा या चालकाचे हृदय कोणी तपासले होते का, हे बातमीत कधी येत नाही. तपासले नसेल तरी ते नियमाला धरूनच असते, कारण फॉर्म तसे विचारतच नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ८(३) नुसार परिवहन वाहनाच्या, म्हणजे भाड्याने प्रवासी किंवा माल नेणाऱ्या वाहनाच्या, परवान्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या फॉर्म १-अ वर दिले जाते. त्यातले प्रश्न असे: दृष्टिदोष आहे का आणि चष्म्याने तो सुधारला आहे का, लाल-हिरवा रंग ओळखतो का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट ओळखू येते का, हॉर्न ऐकू येणार नाही इतका बहिरेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, हातापायात व्यंग आहे का. रक्तगट ऐच्छिक. शेवटी डॉक्टर सही करतो ती ‘दूरची दृष्टी, श्रवणशक्ती, हात, पाय आणि सांधे यांकडे विशेष लक्ष दिले’ या वाक्याखाली. धोकादायक मालाची गाडी चालवायची असेल तर प्रतिक्रियेला लागणारा वेळ, बाजूची नजर आणि समोरून प्रखर दिवा आल्यावर नजर सावरायला लागणारा वेळ एवढे त्यात वाढते. रक्तदाबाचा आकडा लिहायला मात्र जागा नाही. ज्वालाग्राही रसायनांच्या टँकरचालकाची नजर किती पटकन सावरते हे आपण विचारतो, त्याचा रक्तदाब विचारत नाही!

फॉर्म १ हे चालकाने स्वतः करायचे निवेदन. त्यात फिट येणे, अचानक शुद्ध हरपणे किंवा चक्कर येणे याबद्दल प्रश्न आहे आणि शेवटी ‘इतर कोणता आजार, ज्यामुळे तुमचे वाहन चालवणे लोकांना धोक्याचे ठरेल’ असा एक मोघम प्रश्न. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या धमनीत स्प्रिंग (स्टेंट) बसवलेला चालक तिथे ‘नाही’ लिहितो. तो खोटे बोलत असतो असेही नाही. रुग्णालयातून सुटताना ‘आता तुम्ही ठणठणीत’ असेच त्याला सांगितलेले असते.

कायद्यात अधिकार नाहीत असे नाही. कलम १६ प्रमाणे परवाना प्राधिकरण आजाराच्या कारणावरून परवाना केव्हाही रद्द करू शकते किंवा नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकते. धोकादायक आजार ठाऊक असून गाडी चालवली तर कलम १८६ खाली पहिल्या वेळी १,००० आणि पुन्हा केल्यास २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. परवाना नाकारला तर कारणे लेखी द्यावी लागतात आणि कलम १७ खाली ३० दिवसांत अपील करता येते. नसते ते मोजमाप. कोणत्या आजारानंतर किती आठवडे थांबायचे, कोणती तपासणी करायची, कोणत्या आकड्याला अडवायचे, यातले काहीच लिहिलेले नसल्यामुळे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरच्या हाती ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ हे दोनच शब्द उरतात. हृदयाच्या आजारात सर्वांत जास्त गरज पडते ती तिसऱ्या शब्दाची: ‘सध्या नको, अमुक तारखेला पुन्हा’.

ब्रिटनमध्ये बस आणि अवजड वाहनांच्या चालकांसाठी वेगळा, कडक गट आहे आणि त्यांचे नियम याच तिसऱ्या शब्दावर उभे आहेत. हृदयविकाराचा झटका आला की गाडी चालवणे थांबते. किमान ६ आठवड्यांनी, हृदयाचे पंपिंग (दर ठोक्याला मुख्य कप्प्यातले किती रक्त बाहेर फेकले जाते ते) ४० टक्के किंवा अधिक असेल आणि ट्रेडमिलची चाचणी पार पडली तर परवाना परत मिळतो. झटका न येता ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतरही ६ आठवडे. बायपासनंतर ३ महिने. पेसमेकर बसवल्यावर ६ आठवडे. पेसमेकरनंतर खासगी मोटार चालवणाऱ्याला मात्र १ आठवडा पुरतो. छातीतली कळ चालू असेल तर गाडी बंद, आणि कळेविना ६ आठवडे गेल्यावरच पुन्हा विचार. पोटातली किंवा छातीतली महाधमनी ५.५ सेंटिमीटरहून अधिक फुगलेली असेल तर परवाना नाही. हे आकडे जसेच्या तसे उचलावेत असे नाही, पण प्रत्येकामागे कारण आहे आणि आपल्या डॉक्टरांना ते पटण्यासारखे आहे.

पंपिंगचा आकडा टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मिळतो. झटक्यानंतर स्नायूचा काही भाग मरून तिथे व्रण राहतो. हृदय कमजोर झालेले असेल तर त्या व्रणाभोवती विजेचा प्रवाह गरगरू लागतो, ठोके बेफाम होतात आणि माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो. ४० टक्क्यांच्या खाली हा धोका वाढतो. अशा रुग्णाला कधी कधी शॉक देणारे यंत्र, म्हणजे आयसीडी, बसवतात. लोक त्याला पेसमेकरच म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. पेसमेकर मंद ठोक्यांना आधार देतो. त्याच्या तारा पक्क्या बसल्या की माणूस गाडी चालवू शकतो. आयसीडी बेफाम ठोके ओळखते, विजेचा साठा भरते आणि मग शॉक देते. यात काही सेकंद जातात. जीव वाचतो, पण तेवढ्या वेळात माणूस बेशुद्ध झालेला असू शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेला ट्रक सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातो; १० सेकंदांत १६७ मीटर. म्हणून ब्रिटनमध्ये आयसीडी बसवलेल्याला अवजड वाहनाचा परवाना कायमचा बंद आहे. अमेरिकेतही वैद्यकीय सल्ला हाच आहे.

ट्रेडमिलबद्दल मात्र सावध असावे. साधा ईसीजी स्वस्त आणि झटपट होतो, पण धमनीत ७० टक्के अडथळा असूनही बसल्या जागी काढलेला ईसीजी अगदी नीट येऊ शकतो. हृदयावर ताण आल्यावरच उणीव दिसते. ट्रेडमिलच्या नेहमीच्या, ब्रूस नावाच्या पद्धतीत दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो: २.७ किलोमीटर वेगाला १० टक्के चढ, मग ४ ला १२, मग ५.५ ला १४. ब्रिटनची अट अशी की हे तिन्ही टप्पे, म्हणजे ९ मिनिटे, कळ न येता आणि ईसीजीत लक्षणीय बदल न होता पूर्ण व्हावेत, तेही कळेसाठीच्या गोळ्या ४८ तास बंद ठेवून (त्या डॉक्टरने सांगितल्याशिवाय कोणी स्वतःहून बंद करू नयेत). पण हीच चाचणी पंचविशीतल्या, काहीही त्रास नसलेल्या सरसकट सगळ्या चालकांवर केली तर निरोगी माणसेही ‘पॉझिटिव्ह’ येतील आणि विनाकारण अँजिओग्राफीच्या टेबलावर जातील. ज्यांना झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, चालताना छाती भरून येते, किंवा मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखू यांतल्या एकाहून अधिक गोष्टी जमून आल्या आहेत, त्यांच्यासाठी ती ठेवावी. मधुमेह्याला कळ न येताच झटका येऊ शकतो, म्हणून ‘दुखत नाही’ या उत्तरावर तिथे थांबू नये.

रक्तदाबाची अमेरिकी पद्धत आपल्याकडे लगेच चालण्यासारखी आहे. तिथे व्यावसायिक चालकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त २ वर्षांचे असते. रक्तदाब १४० ते १५९ किंवा खालचा ९० ते ९९ असेल तर १ वर्षाचे. १६० ते १७९ किंवा १०० ते १०९ असेल तर एकदाच, ३ महिन्यांचे, म्हणजे तेवढ्यात औषध सुरू करून या. १८० किंवा ११० वा त्याहून अधिक असेल तर नाही. या पायऱ्यांमुळे नोकरी जात नाही आणि औषधही सुरू होते. आपल्याकडे परिवहन परवाना २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३ ऐवजी ५ वर्षांचा झाला, धोकादायक मालाचा ३ वर्षांचा. पाच वर्षांत रक्तदाब काय काय करू शकतो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

अर्थात आकडा नीट मोजला तरच उपयोग. आरटीओजवळच्या टेबलावर उभ्या उभ्या, तोंडात तंबाखूचा बार असताना घेतलेला रक्तदाब कागदावर न लिहिलेलाच बरा. चहा-तंबाखूनंतर ३० मिनिटे जाऊ द्यावीत, पाठ टेकून ५ मिनिटे शांत बसवावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, १-२ मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर आकडा फुगतो, आणि लठ्ठ चालक उगाच अडकतो. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाचा ८० टक्के घेर व्यापेल इतकी हवी.

आता औषधे. सूज उतरवणारी लघवीची गोळी सकाळी घेतली की पुढचे काही तास वारंवार थांबावे लागते. महामार्गावर थांबायला जागा कुठे? मग चालक ती गोळीच टाळतो, आणि चौथ्या दिवशी पाय सुजून धाप लागते. क्लोनिडिनसारखी बीपीची गोळी लांबच्या खेपेत संपली आणि एकदम बंद झाली तर रक्तदाब उसळी मारतो. स्प्रिंग बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरला न विचारता सोडली तर स्प्रिंगमध्येच गुठळी धरू शकते. छातीत कळ आल्यावर घ्यायची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवली की रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, म्हणून ती गाडी कडेला लावून, बसूनच घ्यायची आणि त्या दिवशी स्टिअरिंगला पुन्हा हात लावायचा नाही. बायपासमध्ये कापलेले छातीचे हाड जुळायला सुमारे ३ महिने लागतात. गाडी चालवणे म्हणजे फक्त स्टिअरिंग नव्हे. स्टेपनी बदलणे आणि ताडपत्रीचे दोर ओढणे हेही त्यातच आले. पेसमेकरवाल्याने चालू इंजिनाच्या अल्टरनेटरवर ओणवे होऊ नये, निदान ३० सेंटिमीटर अंतर राखावे.

हे सगळे चालक लपवतो, त्याचे कारण उघड आहे. खेपेवर पैसे मिळणाऱ्या माणसाला ‘अयोग्य’ शेरा म्हणजे घर बंद पडणे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. पण त्या कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत हृदयविकार नाही, आणि खासगी ट्रकमालकाला ते कलम लागूही नाही. ६ आठवड्यांची विश्रांती रजेत किंवा आगारातल्या कामात बसवता येते. तारीख न घातलेली अपात्रता कशातच बसत नाही. म्हणून फॉर्ममध्ये ‘तात्पुरता अयोग्य, पुनर्तपासणी दिनांक’ हा रकाना आल्याशिवाय बाकीचे निकष आणले, तर लपवाछपवी वाढेल.

आणखी एक फट आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे परिवहन वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. विमा दाव्यांच्या दृष्टीने तो चालकांच्या सोयीचा आहे. मात्र खासगी परवाना तिशीच्या आत काढला तर चाळिशीपर्यंत आणि तीस ते पन्नासमध्ये काढला तर १० वर्षे चालतो, आणि त्या वयातच धमन्या भरत जातात. टेम्पो आणि टॅक्सी चालवणारी मोठी संख्या यामुळे ५ वर्षांच्या तपासणीबाहेरच राहू शकते. निकष लिहिताना ते वाहन पाहून लिहावेत, परवान्याचा प्रकार पाहून नव्हे.

फॉर्म बदलणे केंद्राच्या हातात आहे. राज्याला मात्र आजही एक गोष्ट करता येईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी आणि बायपास होतात. त्या रुग्णांच्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ सक्तीची करावी: व्यवसायाने चालक आहे का, असल्यास अवजड किंवा प्रवासी वाहन कोणत्या तारखेपर्यंत चालवू नये, पंपिंग किती टक्के. रुग्णालयाने आरटीओला परस्पर कळवावे असे यात नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत रुग्णाचे गुपित राखण्याचे बंधन आहे आणि समाजाला गंभीर व स्पष्ट धोका असणे यासारख्या मोजक्या प्रसंगीच ते मोडता येते. कागद चालकाच्याच हातात राहील. त्याच आचारसंहितेप्रमाणे प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरने त्याची नोंदवही ठेवून प्रत जपायची असते आणि चालकाची सही किंवा अंगठा व ओळखखूण टिपायची असते. त्या वहीत रक्तदाबाचा आकडा आणि ‘डिस्चार्ज कार्ड पाहिले’ ही दोन टिपणे घालायला कोणत्याही अधिसूचनेची गरज नाही.

नूतनीकरणाला जाणाऱ्या चालकांनी तोपर्यंत डिस्चार्ज कार्ड, स्प्रिंग किंवा पेसमेकरचे कार्ड, सहा महिन्यांतला टू-डी इको आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी, आणि डॉक्टरने विचारले नाही तरी टेबलावर ठेवावी.

आपला,
एक डॉक्टर, पुणे