चहा न घेता गेलेल्या गीझरवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

दांडिया बाजारातलं, तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर तुमच्या लक्षात असेलच असं नाही. उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात तुम्ही आमचा गॅस गीझर बघायला आला होतात. तक्रार साधी होती. नळ सोडला की बराच वेळ नुसती टिकटिक व्हायची आणि मग एकदम भप्पकन पेट घ्यायचा. दोन्ही मोठे सेल नवे घातले, तरी तेच.

पान्याला हात लावायच्या आधी तुम्ही बाथरूमच्या झरोक्याकडे पाहिलंत. कबुतरं घाण करतात म्हणून आम्ही तिथे पुठ्ठा ठोकला होता. मग सासूबाईंना विचारलंत, "आजी, आंघोळ झाल्यावर डोकं दुखतं का? गरगरतं?"

त्या हो म्हणाल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन महिने त्या आंघोळ करून आल्या की पलंगावर पडून राहायच्या. आम्ही पित्त समजून कोकमाचं सार करून देत होतो. आंघोळीनंतरच होतं, हे आम्ही डॉक्टरांना सांगितलंसुद्धा नव्हतं.

तुम्ही आम्हाला ज्योत दाखवलीत. पिवळी, लांबुळकी, हलणारी. हवा पुरत नाही तेव्हा गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, हे समजावलंत. गॅस गळला तर कळावा म्हणून त्यात मुद्दाम वास घालतात. या विषारी वायूला वासही नाही, रंगही नाही. नंतर मी वाचलं की तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० हून जास्त पट घट्ट धरतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गॅसचा कॉक बंद, पाण्याचा कॉक बंद, सेल बाहेर. आणि गीझर गार होईपर्यंत तुम्ही शांत बसून राहिलात. कव्हर निघालं तेव्हा बर्नरच्या फटीत कोळ्याचं जाळं होतं आणि वरच्या तांब्याच्या पात्या काजळीनं बुजल्या होत्या. एकेक पाती तुम्ही ब्रशनं मोकळी केलीत, पाण्याच्या तोंडाची जाळीही धुतलीत. जोडणी झाल्यावर गळती बघायला माझ्या नवऱ्यानं काडेपेटी पुढे केली, तेव्हा तुम्ही त्याचा हातच धरलात. साबणाचा फेस मागितलात. एका नटापाशी बारीकसा बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. तो नट घट्ट केल्यावर फेस जागच्या जागी राहिला.

ज्योत निळी झाली. आम्ही खूश झालो आणि तुम्ही कॉक पुन्हा बंद केलात! गीझर बाथरूमच्या बाहेर गेल्याशिवाय चालू करून देणार नाही म्हणालात. गॅसची लाइनही स्वतः हलवायला तयार झाला नाहीत. ते काम गॅस कंपनीच्याच माणसाकडून करून घ्या, असं बजावलंत. ऐन थंडीत चुलीवर पाणी तापवायचं, म्हणून मी चिडले. "पैसे घेतलेत, तर चालू तरी करून द्या," असं बोलले. चहा टाकलेला होता, तो न घेताच तुम्ही जिना उतरलात. काका, त्या बोलण्याची मला फार लाज वाटते. माझं चुकलं. मला माफ करा.

आता गीझर मागच्या उघड्या गॅलरीत आहे, आत फक्त गरम पाण्याचा पाइप येतो. झरोक्याला पुठ्ठ्याऐवजी जाळी बसवली आहे. सासूबाई आंघोळ करून थेट देवापाशी बसतात. त्यांचं डोकं त्यानंतर एकदाही दुखलेलं नाही.

कव्हरच्या आतल्या बाजूला तुम्ही पेन्सिलीनं सर्व्हिसिंगची तारीख लिहून ठेवली आहे. वर्ष भरायच्या आत, दिवाळी झाली की या. चहा सासूबाई स्वतः करणार आहेत.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची सून