शिक्षणमंत्री महोदय, संगणक कक्षाची किल्ली शिक्षकांच्या हाती द्या

मा. शिक्षणमंत्री यांस,
स.न.वि.वि.

मी पंधरा वर्षं शाळेत संगणक शिकवते आहे. शाळांसाठी यंत्रांची पुढची खरेदी करण्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे.

मी पहिल्यांदा रुजू झाले त्या शाळेत संगणक कक्ष होता, संगणक होते आणि दाराला कुलूप होतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात असायची. मागायला गेलं की ते विचारायचे, "बाई, काही बिघडलं तर भरून कोण देणार?" त्यांना मी दोष देत नाही. डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीवर, सही त्यांची होती. तपासणीला आलेले अधिकारी यंत्रं मोजून जायचे. मुलांनी त्यावर काय केलं, हे माझ्यादेखत कुणी विचारलं नाही. अशा व्यवस्थेत कक्ष बंद ठेवणाऱ्याला काही त्रास होत नाही. उघडणाऱ्यालाच जाब द्यावा लागतो.

त्या कक्षात सात संगणक 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लावून भिंतीकडेला ठेवलेले होते. एका सुट्टीत मी एकेक करून ते लावून पाहिले. सातही सुरू झाले! फक्त त्यांची तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती आणि त्यामुळे एकही संकेतस्थळ उघडत नव्हतं. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संगणकाच्या तारखेशी ताडून बघतो, जुळली नाही की अडवतो. मूळ कारण होतं मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किटवरचा, नाण्याएवढा चपटा सेल. तो संपला की संगणक बंद केल्यावर घड्याळ चालत नाही. झाकण काढून सेल बदलायला पाच मिनिटं पुरतात. पण झाकण उघडलं तर हमी रद्द, आणि पुरवठादाराला पाठवलेल्या पत्रांना उत्तर नाही. दोन वर्षं सात संगणक एका सेलपायी पडून राहिले. त्या दोन वर्षांत शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांचा विचार आला की आजही जीव तुटतो.

हे एकट्या माझ्या शाळेचं दुखणं नाही. पेरूच्या सरकारने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास आंतर-अमेरिकी विकास बँकेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. यंत्रं मोठ्या संख्येने पोहोचली होती, पण गणित आणि भाषेच्या गुणांत सुधारणा दिसली नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लॅपटॉप घरी नेता यावा हा योजनेचा हेतू असूनही निम्म्याहून अधिक मुलांनी तो घरी नेला नाही. बिघडला किंवा चोरीला गेला तर बदलून मिळणार नाही, ही काही मुख्याध्यापकांची काळजी होती, आणि आपल्यालाच भरून द्यावं लागेल, असं काही पालकांना वाटत होतं. भाषा वेगळी, खंड वेगळा, भीती मात्र तीच. याउलट उरुग्वेने २००७ पासून मुलामुलींना लॅपटॉप दिले आणि पुढे दुरुस्तीची सोयही योजनेचाच भाग केली.

संगणक हा विषयच असा आहे की तो चुकत चुकत शिकायचा असतो. गणितज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा तयार केली ती याच विचाराने. पडद्यावरच्या कासवाला मुलं आज्ञा देतात आणि आपलं काय चुकलं ते त्यांना समोर दिसतं. माझ्या वर्गातली एक मुलगी चौकोन काढत होती. 'पुढे जा, ६० अंशांत वळ' असं तिने चार वेळा करायला सांगितलं. आकृती जुळेना. मी काही बोलले नाही. ती उठली, फरशीवर स्वतः चालून बघितलं, परत बसली आणि चाराच्या जागी सहा केले. षटकोन जुळला. मग ६० चे ९० आणि सहाचे पुन्हा चार, म्हणजे तिला हवा असलेला चौकोन! अख्खी तासिका त्यात गेली आणि वर्षभरातली ती माझी सगळ्यात चांगली तासिका होती. 'हात लावू नका' अशी पाटी असलेल्या खोलीत हे घडलं नसतं.

ब्रिटनमध्ये २०१६ साली अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना मायक्रोबिट नावाचं तळहातापेक्षा लहान सर्किट मोफत दिलं गेलं. २५ दिवे, दोन बटणं, आणि ते मुलाच्या स्वतःच्या मालकीचं. हरवलं, जळलं तरी आभाळ कोसळत नाही. एवढ्या लहान वस्तूने सगळे प्रश्न सुटतात असं मी म्हणणार नाही, पण मुलाने निर्भयपणे हाताळावी अशी वस्तू द्यावी, हा विचार आपल्या खरेदीत यायला हवा.

म्हणून माझी विनंती आहे. खरेदीच्या आदेशातच लिहा की शिकताना झालेल्या बिघाडाची वसुली शिक्षकाकडून किंवा मुख्याध्यापकांकडून होणार नाही. जुन्या यंत्रांच्या निर्लेखनाचे, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करण्याचे, अधिकार शाळेला द्या. प्रशिक्षित शिक्षकाने झाकण उघडून सेल, रॅम किंवा पंखा बदलला तरी हमी कायम राहील, अशी अट निविदेत घाला आणि सुट्या भागांसाठीचे पैसे यंत्रांसोबतच शाळेच्या खात्यात येऊ द्या. तपासणीच्या नमुन्यात 'संगणक संख्या' या रकान्याशेजारी 'या महिन्यात प्रत्येक मूल किती तास बसलं' हा रकाना हवाच. त्यात शून्य आलं तर आधी कारण विचारा, मग ठपका ठेवा.

सध्याच्या शाळेत किल्ली माझ्याकडे असते. मुख्याध्यापिकाबाईंनी ती स्वतःच्या जबाबदारीवर दिली आहे, लेखी आधार काहीही नसताना. पुढच्या वर्षी त्यांची बदली होईल. त्यांच्या जागी येणाऱ्यांना तुमच्या सहीचा आदेश दाखवता यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आपली विश्वासू,
एक संगणक शिक्षिका