तक्रारींच्या टपालातून उभी राहिलेली चाइल्डलाइन

लंडन

तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार वि. वि.

ग्राहक पंचायतीत तू इतकी वर्षे लोकांच्या तक्रारी ऐकत आली आहेस, म्हणून इथल्या एस्थर रँट्झन यांच्याविषयी तुला सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते. 1973 ते 1994 या काळात बीबीसीवर त्यांनी ‘दॅट्स लाइफ!’ हा कार्यक्रम सादर केला. फसवणारे विक्रेते आणि नियमावर बोट ठेवून माणसांना अडवणारे कर्मचारी यांच्याविरुद्ध प्रेक्षकांनी पाठवलेली पत्रे हे त्याचे भांडवल. सोबत ‘सॉसेजेस’ म्हणणारा कुत्रा आणि चावट आकाराच्या भाज्याही असत. पुष्कळांनी त्याबद्दल नाके मुरडली. मला मात्र वाटते की, त्या गमतीजमतींसाठी जमलेला प्रचंड प्रेक्षकवर्ग नसता, तर पुढचे गंभीर काम इतक्या घरांत पोहोचलेच नसते.

ते काम म्हणजे ‘चाइल्डलाइन’. मुलांच्या छळाविषयी प्रेक्षकांकडून माहिती मागवली गेली, तीतून ‘चाइल्डवॉच’ हा विशेष कार्यक्रम तयार झाला आणि 30 ऑक्टोबर 1986 रोजी मुलांसाठी मोफत फोनसेवा सुरू झाली. पहिल्याच रात्री सुमारे 50,000 वेळा तो क्रमांक फिरवला गेल्याचे सांगतात. अर्थातच बहुतेकांना तो लागला नाही.

इथे मला बाईंच्या समजुतीचे कौतुक वाटते. ग्राहकाच्या हाती निदान पावती असते आणि दुकानदाराचे नाव जाहीर केले की तो वठणीवर येतो. मुलाजवळ पुरावा नसतो आणि ज्याच्याविषयी सांगायचे तो पुष्कळदा त्याच घरात वावरत असतो. म्हणून ज्या जाहीर वाच्यतेवर त्यांनी नाव कमावले होते, तीच त्यांनी या कामात दाराबाहेर ठेवली: मुलाने सांगितलेले गुप्त राहते, जिवाला धोका असण्यासारख्या गंभीर प्रसंगीच ते पुढे जाते, आणि 0800 1111 या क्रमांकाची नोंद घरच्या लँडलाइनच्या बिलावर येत नाही.

2006 साली ही संस्था ‘एनएसपीसीसी’ या जुन्या बालसंरक्षण संस्थेत विलीन झाली. पुढे पतीच्या निधनानंतरच्या एकटेपणाविषयी त्यांनी लिहिले आणि 2013 मध्ये वृद्धांसाठी ‘सिल्व्हर लाइन’ ही फोनसेवा उभी केली.

आपल्याकडची मुलांसाठीची 1098 ही फोनसेवा मात्र दूरचित्रवाणीतून आलेली नाही. 1996 साली जेरू बिलिमोरिया यांनी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून ती सुरू केली, तेव्हा डोळ्यांपुढे रस्त्यावर राहणारी मुले होती. घरातल्या मुलांना तो क्रमांक कितपत ठाऊक आहे, याची मला शंका वाटते. तुमच्या भागातल्या महापालिका शाळांत तो ठळकपणे लावलेला आहे का, हे सवडीने पाहून कळव; नसेल तर मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मी इथून पाठवीन.

काकांना नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा भाचा